बुटांची पोच

आमच्या घरात जानेवारी आला हे कळायचं ते बाबांच्या शाईच्या पेनावरून. एरवी ते बॉलपेन वापरत. पण वर्षाच्या सुरुवातीला स्वतःच्या मालमत्तेचं विवरणपत्र कारखान्याच्या ऑफिसात द्यावं लागे, आणि त्यासाठी ते जुनं पेन कोमट पाण्यात धुवून, वर्तमानपत्रावर वाळवून, नवी शाई भरून बसत. जमीन, घर, दागिने, वाहन, कोणाकडून मिळालेल्या भेटवस्तू, असे रकाने असत. प्रत्येक रकान्यापुढे बाबा मोठ्या, सुट्या इंग्रजी अक्षरांत 'निल' लिहीत. त्या तीन अक्षरांना ते इतका वेळ लावत की आई स्वयंपाकघरातून म्हणायची, "काहीच नाही एवढंच लिहायचंय ना? मग सबंध रविवार कशाला लागतो?" बाबा मान वर न करता उत्तर देत, "काही नाही हेसुद्धा नीट लिहावं लागतं." मग फॉर्म हवेत धरून फुंकर मारत, आणि त्या दिवशी जेवताना त्यांना एक भाकरी जास्त जाई. आपल्याकडे काही नाही याचा एवढा अभिमान असलेला दुसरा माणूस मी पाहिलेला नाही.

तमिळ मुलखातल्या आवडी नावाच्या गावी, तिथल्या संरक्षण कारखान्यात ते तपासणी विभागात चार्जमन होते. तयार झालेला तुकडा मापात बसतो की नाही ते बघायचं, बसला तर शिक्का, नाही तर लाल रंगाचा फराटा. केसभर फरक असला तरी लालच. हाताखालचे लोक गयावया करत, वरचे साहेब डोळे वटारत, बाबा मापपट्टी दाखवत. जळगावकडून बदली होऊन ते आले तेव्हा मी आईच्या कडेवर होते. दोन-चार वर्षांत परत जाऊ असं म्हणता म्हणता सगळं आयुष्य तिथेच गेलं. सकाळी कारखान्याचा भोंगा, त्यानंतर सायकलींचा लोंढा, शेजारच्या क्वार्टरमधून कुकरच्या शिट्ट्या आणि सांबाराचा वास, आणि आमच्याकडे भाकरी थापण्याचा आवाज. ज्वारीला तिकडे चोळम म्हणतात, आणि ती गरिबाघरचं किंवा कोंबड्यांचं खाणं समजली जाते. आई दर महिन्याला पिशवीभर चोळम आणून निवडत बसली की समोरच्या मामी हळहळून विचारायच्या, "का हो, साहेबांचा पगार झाला नाही का?" आई त्यांना वांग्याचं भरीत देऊन गप्प करायची.

माझी उंची हा आमच्या घरातला कायमचा प्रश्न होता. बाराव्या वर्षी मी आईच्या डोक्यावरून पलीकडे बघायला लागले, सोळाव्या वर्षी बाबांच्या. आई दाराच्या चौकटीवरच्या पेन्सिलच्या खुणा ओल्या फडक्याने पुसून टाकायची, जणू त्याने मी वाढायची थांबणार होते. लग्नाच्या बाजारात या उंचीचं काय करायचं या काळजीने ती खंगत असताना, कारखान्याच्या वसाहतीतल्या मैदानावर मात्र या उंचीला किंमत होती. तिथे सिमेंटचं बास्केटबॉल कोर्ट होतं. त्याला एका बाजूला जाळी होती, दुसऱ्या बाजूला नुसतीच रिंग. अंबत्तूरची सेल्वी आणि मी शाळेपासून एका संघात. ती चपळ, मी लांब. ती चेंडू आणायची, मी रिंगखाली उभी राहून टाकायचे. शाळेच्या शेवटच्या वर्षी आम्ही दोघींनी जिल्ह्यातल्या सगळ्या शाळांना रडवलं होतं, आणि याचं मला अजूनही काडीचं वाईट वाटत नाही.

त्या वर्षी आमच्याकडे दोन पाहुणे आले. कॉलेजं चांगल्या खेळाडूंच्या मागे असतात हे मी ऐकून होते, पण ते घरी येऊन चहा पितात हे ठाऊक नव्हतं. पहिला पाहुणा शहरातल्या एका मोठ्या कॉलेजचा होता. पांढरी कमान, लाकडी फरशीचं बंदिस्त कोर्ट, आणि दर वर्षी विद्यापीठाची ढाल त्यांच्याच कपाटात. गृहस्थ मोटारीतून आले आणि फार गोड बोलले. फी नाही, वसतिगृह फुकट, वर "मुलीच्या हातखर्चाचं आम्ही बघू" आणि "तुमच्या घरात काही अडचण असेल तर तीही बघू." बाबांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "ठीक आहे. हे कॉलेजच्या कागदावर लेखी द्या."

गृहस्थ हसले. "सार, अशा गोष्टी लेखी देत नाहीत."

"मग अशा गोष्टी मी घेत नाही," बाबा म्हणाले, आणि त्यांना मोटारीपर्यंत पोचवून आले. तीच मोटार पुढे अंबत्तूरला सेल्वीकडे गेली. तिच्या भावाला महिन्याभरात नोकरी लागली. तिच्या आईने कॉलेजजवळ भाड्याने घर घेतलं, आणि ते भाडं कोण भरतं हे कुणी विचारलं नाही.

दुसरे पाहुणे सायकलवरून आले. सेतुमाधव राव, अण्णा नगरजवळच्या एका छोट्या कॉलेजचे बास्केटबॉलचे प्रशिक्षक. तंजावरकडचे मराठी. दारातच त्यांनी "कसे आहां? बरें आहां की?" असं विचारलं तेव्हा आई पदर तोंडाला लावून आत पळाली. तीनशे वर्षांपूर्वी तिकडे गेलेली ती भाषा, तमिळच्या चालीवर हेलकावत येणारी. बाबा नंतर म्हणाले, "हा माणूस मराठी बोलतो की गातो?" पण घरात आपली भाषा बोलणारा माणूस आला याचंच आम्हाला अप्रूप. आईने त्यांना भरीत-भाकरी वाढली. ते बोटं चाटून जेवले आणि म्हणाले, "आमच्या घरीं वांगें, कत्तरिकाय, असें करीत नाहींत. मज्झ्या बायकोला शिकवा." मग हात धुऊन त्यांनी मुद्दा काढला. फीची सवलत विद्यापीठाच्या नियमातली, तेवढीच मिळेल. लाकडी कोर्ट नाही. ढाल नाही. "पण पोरीला मी राज्याच्या टीममध्ये घालीन. एकदां राज्याला खेळली की रेल्वेत नोकरी. मग तुम्हांस काळजी नको."

माझ्या आयुष्यात काय मिळवायचं हे त्या क्षणी ठरलं. राज्याचा संघ, मग रेल्वेत खेळाडूंच्या कोट्यातून नोकरी. सरकारी नोकरी असली की उंचीचं कुणी बोलणार नाही, असं आईलाही वाटलं असावं. ती आतून डोकावली. बाबांनी एकच प्रश्न विचारला, आणि तो त्यांनीच विचारला हे मी इथे लिहून ठेवते: "बूट कोण देणार? हिच्या मापाचे इथे मिळत नाहीत, मिळाले तर परवडत नाहीत."

सर म्हणाले, "कॉलेजकडे तें नाहीं. मी घेऊन देतों."

मी कॉलेजात जाऊ लागले. पहाटे भाकरीचा तुकडा खाऊन आवडीहून लोकल, विल्लीवाक्कमला उतरून बस, आणि सहाच्या आत कोर्टवर. पहिल्या पंधरवड्यातच मी सरावात चक्कर येऊन पडले. सरांनी मला मागच्या गल्लीतल्या आपल्या घरी नेलं. त्यांच्या बायकोने, आम्ही सगळ्या तिला मामीच म्हणायचो, तोंडावर पाणी मारलं आणि इडल्या पुढे ठेवल्या. तिने विचारलं, "काय खाऊन येतेस?" मी सांगितलं. तिने नवऱ्याकडे असं पाहिलं की तो बिचारा चप्पल घालून दूध आणायलाच निघून गेला. दुसऱ्या दिवसापासून सराव संपला की मामीकडे नाश्ता. इडली, कधी पोंगल, आणि त्यांच्या घरची डांगर पच्चडी, उडदाचं भाजलेलं पीठ दह्यात कालवून वर मोहरी-मिरचीची फोडणी. मी नको म्हटलं की मामी लाडाने म्हणायची, "खाऊनशनी जा कण्णा, घरचें आहे." पुढे त्या चवीच्या शोधात मी किती जणींकडे जेवले, पण ती पच्चडी परत मिळाली नाही. करून पाहिली, तीही नाही.

बूट आले ते सरांच्या कुणा नातेवाइकाबरोबर बेंगळुरूहून. पांढरे, घोट्याच्या वर येणारे, बाजूला निळी पट्टी. मी ते दोन दिवस उशाशी ठेवले. बाबांनी तिसऱ्या दिवशी शाईचं पेन काढलं. सरकारी नोकराच्या घरात बाहेरून काही भेट आली तर ऑफिसला कळवायचं असतं. क्वार्टर्समध्ये हा नियम सगळ्यांना ठाऊक होता आणि तो पाळणारे एकटे माझे बाबा होते. दिवाळीला कंत्राटदाराने मिठाई पाठवली की लोक मिठाई खात, बाबा कळवत. तसंच त्यांनी बुटांचंही कळवलं: मुलीच्या वापरासाठी, एक जोड, देणाऱ्याचं नाव, अंदाजे किंमत. ऑफिसच्या शिक्क्याची प्रत आणून कपाटात ठेवली. मला हसू आलं होतं. खरंच हसले होते.

दुसऱ्या वर्षी आम्ही मोठ्या कॉलेजला हरवलं. त्यांच्याच लाकडी फरशीवर, सेल्वी त्यांच्याकडून आणि मी आमच्याकडून. शेवटच्या मिनिटाला सेल्वीच्या हातातून सुटलेला चेंडू माझ्याकडे आला आणि मी तो टाकला. ती मला मिठी मारून कानात म्हणाली, "जा, तूच घे." महिन्याभरात राज्याच्या सराव शिबिरासाठी माझं नाव आलं. सरांनी तो कागद मामीच्या देव्हाऱ्यात ठेवला. बाबांनी आईला सांगितलं, "रेल्वेत असली की पास मिळतो. जळगावला दर वर्षी जाता येईल." आईने पहिल्यांदाच माझ्या उंचीकडे बघून समाधानाने मान हलवली.

त्याच सुमारास तिसऱ्याच एका कॉलेजने विद्यापीठाकडे तक्रार केली की खेळाडूंना आमिष दाखवून पळवलं जातं. रोख मोठ्या कॉलेजवर होता हे अख्ख्या शहराला माहीत होतं. भाड्याची घरं, भावांच्या नोकऱ्या, सगळं उघड गुपित. विद्यापीठाच्या क्रीडा मंडळाने चौकशी नेमली आणि प्रत्येक खेळाडूच्या पालकांना एक छापील फॉर्म पाठवला. प्रवेशाआधी काही आश्वासन मिळालं का? वस्तू मिळाली का? प्रशिक्षकाकडून वैयक्तिक काही? जेवणखाण, प्रवास, निवास? खाली ओळ: वरील माहिती खरी आहे.

फॉर्म आला त्या संध्याकाळी मी सेल्वीकडे गेले होते. तिच्या आईने भरलेला फॉर्म टेबलावर पडला होता. अक्षर तिच्या आईचं नव्हतं, कॉलेजच्या क्लार्कने भरून आणला होता आणि तिने खाली सही केली होती. प्रत्येक रकान्यात निल. सेल्वी म्हणाली, "सगळ्यांचं असंच आहे. तुझ्या अप्पांनाही सांग." मी घरी येऊन सांगितलं. बाबांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "आपल्याला मिळालंय ना?"

"मिळालंय. पण बाबा, बूट म्हणजे काही लाच नाही."

"मग लिहायला काय हरकत आहे?"

दुसऱ्या दिवशी मी सरांना घेऊन आले, या आशेने की ते तरी समजावतील. सर स्टुलावर बसले, फॉर्म दोनदा वाचला आणि म्हणाले, "लिहा. अस्कं, सगळें लिहा. मी चोरी केली नाहीं. वाचतील तेव्हां त्यांस कळेल, किती थोडें आहे." मी दोघांकडे पाहत राहिले. एक नियमाने चालणारा, दुसरा भोळा, आणि दोघांचीही पक्की समजूत की पूर्ण खरं सांगितलं तर समोरचा माणूस ते मोजून-मापून बघतो. एकाने तर जन्मभर मापायचंच काम केलं होतं. रविवारी बाबांनी पेन धुतलं. प्रवेशापूर्वीचं आश्वासन: होय, बूट, पालकांनी विचारल्यावरून. वस्तू: बूट एक जोड. जेवणखाण: सकाळचा नाश्ता, आठवड्यातून पाच दिवस, प्रशिक्षकांच्या राहत्या घरी. सोबत ऑफिसच्या शिक्क्याची प्रत जोडली. मी रडले, पाय आपटले, दोन दिवस जेवले नाही. आईने फक्त एवढंच म्हटलं, "अहो, नाश्ता तरी राहू द्या." त्यांनी तोही राहू दिला नाही.

सुनावणीला आम्ही तिघं गेलो, बाबा, सर आणि मी. विद्यापीठाच्या इमारतीतली समुद्राकडच्या बाजूची खोली होती. खिडकीतून खारा वारा येत होता आणि टेबलावरचे कागद उडू नयेत म्हणून त्यांच्यावर पाण्याचे पेले ठेवले होते. तीन जण बसले होते. मोठ्या कॉलेजची फाइल जाड होती, आणि ती पाच मिनिटांत संपली. सगळ्या पालकांचे फॉर्म, सगळे निल. अध्यक्षांनी प्रत्येक पान उलटलं, हे मला मान्य करायला हवं. मग म्हणाले, आरोपाला आधार सापडत नाही. मोठ्या कॉलेजचे ते गोड बोलणारे गृहस्थ उठून नमस्कार करून गेले. जाताना बाबांना ओळखून त्यांनी त्यांनाही नमस्कार केला.

आमची फाइल म्हणजे बाबांचा एक फॉर्म आणि एक शिक्का. अध्यक्षांनी विचारलं, "हे तुमचं अक्षर?"

"होय."

"प्रवेशाच्या आधी बूट द्यायचं कबूल झालं होतं?"

"होय. मीच विचारलं होतं."

"प्रशिक्षकांच्या घरी रोज खाणं?"

"रोज नाही. आठवड्यातून पाच दिवस," बाबा म्हणाले. त्या खोलीतसुद्धा त्यांनी दुरुस्ती केली.

मग सर उठले आणि तमिळमध्ये म्हणाले की पोरगी उपाशी येत होती, पडत होती. शेजारी बसलेल्या सदस्यांनी हळहळून "अय्यो पावम", बिचारी, असं म्हटलं. अध्यक्षही वाईट माणूस वाटत नव्हते. त्यांनी पाण्याचा पेला उचलला, कागद उडायला लागला, तो परत ठेवला. "राव, मला कळतं. पण यात लिहिलंय. कबुली आहे."

तेव्हा बाबांनी विचारलं, "सार, त्या दुसऱ्या कॉलेजच्या मुली भाड्याच्या घरांत राहतात. भाडं कोण देतं, हे कुणी जाऊन पाहिलं का?"

"आम्ही कागदावर चालतो," अध्यक्ष म्हणाले. "कागदाबाहेर आम्हाला जाता येत नाही."

हे वाक्य बाबांचं स्वतःचं होतं. कारखान्यात गयावया करणाऱ्या प्रत्येक माणसाला ते हेच सांगत आले होते. त्यांनी मान डोलावली, अगदी हलकेच, आणि ती मान डोलावलेली मी त्यांना कधी माफ केली नाही.

मला दोन वर्षं विद्यापीठाच्या कोणत्याही स्पर्धेत खेळायला बंदी झाली. माझ्या कॉलेजच्या शिक्षणाचं दीडच वर्ष उरलं होतं. शिबिरातलं नाव त्याच आठवड्यात कापलं गेलं, आणि माझ्या जागी कोण गेलं हे सांगायला नको. सरांना कायमचं प्रशिक्षकपदावरून दूर केलं. कॉलेजने घाबरून मुलींचा संघच बंद केला. जाळ्या काढल्या, नुसत्या रिंगा राहिल्या. संपूर्ण शहरातल्या त्या चौकशीत शिक्षा झालेलं एकच कॉलेज, एकच प्रशिक्षक, एकच मुलगी. नियम आमच्याकडून मोडला होता का? मोडला होता. तीस वर्षं मी यावर विचार करते आहे, आणि प्रत्येक वेळी उत्तर तेच येतं. म्हणूनच ते गिळवत नाही. निर्दोष असते तर निदान ओरडता आलं असतं.

पुढच्या रविवारी बाबांनी बूट मागितले. त्यांनी ते साबणाने धुतले, नाड्या वेगळ्या वाळवल्या, पांढरं पॉलिश लावलं. तळवे झिजून गेले होते, त्याला ते काय करणार. वर्तमानपत्रात बांधून ते मला घेऊन सरांच्या घरी निघाले. लोकलमध्ये त्यांनी पुडकं विल्लीवाक्कमपर्यंत मांडीवरच ठेवलं होतं. सर व्हरांड्यात बसले होते. पुडकं बघून म्हणाले, "हें काय? तिच्या पायाचे आहेत. मी काय करूं यांस?"

"परत करायला हवेत," बाबा म्हणाले. "आणि कृपा करून पोच द्या."

मला वाटलं सर आता तरी चिडतील. मी मनातून म्हणत होते, चिडा, हाकलून द्या आम्हाला. ते आत गेले, वहीचं पान फाडून आणलं आणि मांडीवर ठेवून लिहिलं. मराठी लिहिता येत नव्हतं म्हणून इंग्रजीत लिहिलं: बूट एक जोड, वापरलेले, मिळाले. खाली सही. मामीने दोन पेल्यांत कॉफी आणली. बाबांनी पेल्याकडे पाहिलं, हात पुढे केला आणि मागे घेतला. "नको. आता नको," ते म्हणाले. मामी तो पेला हातात धरून तशीच उभी राहिली. मी माझी कॉफी प्यायले, आणि त्यांच्या वाट्याचीही उचलून प्यायले. जीभ भाजली. बाबा पायऱ्या उतरून रस्त्यावर जाऊन उभे राहिले होते.

सर पुढे अण्णा नगरातल्या एका मंगल कार्यालयात व्यवस्थापक झाले. एका लग्नात मी त्यांना पंगतीत केळीची पानं मांडून घेताना पाहिलं. त्यांनी मला बघून, टाचा उंचावून, माझ्या डोक्यापर्यंत हात नेला आणि म्हणाले, "अजून तितकीच आहेस की." मी त्या लग्नात जेवले नाही. वर्षभराने ते गेल्याचं कळलं, तेही तिसऱ्याकडून.

बाबा निवृत्त झाल्यावर आम्ही तिरुमुल्लैवायलला छोटं घर घेतलं. जळगावला दर वर्षी जाण्याचं काही जमलं नाही. एका जानेवारीत, पोंगलच्या सणाआधी, आम्ही दोघं मोच्चैच्या शेंगा सोलत बसलो होतो. त्या आपल्या पावट्यासारख्याच असतात. निवृत्तीमुळे विवरणपत्र नव्हतं, आणि त्यांना त्या दिवसांत हाताला काय काम द्यावं हे कळत नसे. सोलता सोलता त्यांनी विचारलं, "मी खोटं लिहायला हवं होतं का?" इतक्या वर्षांत एकदाच, तेवढंच. मी म्हटलं, "हो." त्यांनी एक शेंग सोलली, दाणे पातेल्यात टाकले, साल दुसऱ्या ढिगात टाकलं. मग पुढची घेतली. मला ते 'हो' परत घ्यायचं होतं, आणि नव्हतंही. ते गेले तोवर मी ते परत घेतलं नाही.

रेल्वेची नोकरी सेल्वीला मिळाली. तिने ती चोख केली आणि निवृत्तीआधीच सोडून त्याच मोठ्या कॉलेजात क्रीडा विभागाची प्रमुख झाली. आमचं बोलणं कधी तुटलं नाही. तिचा राग करायला कारण मिळालं असतं तर मला सोपं गेलं असतं. मी अण्णा नगरातल्या एका रुग्णालयात नोंदणीच्या खिडकीवर बसते, लोकांची नावं, वय, पत्ता लिहून घेते. लग्न तमिळ माणसाशी झालं. मुलगी एकच, मैथिली, उशिरा झालेली. तिला मराठी कळतं, उत्तर ती तमिळमध्ये देते. उंची माझ्यापेक्षा दोन बोटं जास्त. मी तिला खेळायला कधीच सांगितलं नाही. ती खेळली, आणि माझ्यापेक्षा चांगली खेळली.

यंदा सेल्वीने तिला नेलं. फी नाही, वातानुकूलित खोली, परदेशी बूट दोन जोड, शिवाय कुठल्याशा ट्रस्टकडून काहीतरी, ज्याचं नाव मला सांगितलेलं नाही आणि मी विचारलेलं नाही. सेल्वी घरी आली, सोफ्यावर बसली, कॉफी प्यायली. काही लेखी मागावं असं माझ्या मनातसुद्धा आलं नाही. तिच्या मागोमाग एका छोट्या कॉलेजचा पोरगेला प्रशिक्षकही येऊन गेला. लाजत म्हणाला, "आमच्याकडे फारसं काही नाही, अम्मा." मी त्याला दारातूनच वाटेला लावलं.

गेल्या आठवड्यात फॉर्म आला. आता तो ई-मेलने येतो, पण सही हातानेच करावी लागते, म्हणून मी तो छापून आणला. रकाने तेच आहेत, एक वाढलाय. सेल्वीचा फोन आला, "रेखा, एल्लात्तुलयुम निल पोडु, सरिया?" सगळ्यांत निल टाक. मी बरं म्हटलं. मैथिली समोर जमिनीवर बसून नव्या बुटांत नाड्या ओवत होती. सरावाला निघायचं होतं तिला.

मी बॉलपेननेच लिहायला बसले. पहिल्या रकान्यात लिहिलं आणि पाहिलं, तर अक्षर बाबांचं आलं होतं. मोठं, सुटं, तीन अक्षरांना वेळ घेऊन लिहिलेलं. खालचे सगळे रकाने मी तसेच भरले. शेवटची ओळ होती, वरील माहिती खरी आहे. मैथिलीने वाकून पाहिलं आणि विचारलं, "अम्मा, बूट लिहायचे नाहीत?"

"नाही," मी म्हटलं, आणि सही केली.